जामिनाला कोण उभं राहणार?

हुंडाबळी, बलात्कार, नवऱ्याची मारहाण, परित्यक्तांची पोटगी. या प्रश्नांवर आपली चळवळ गेली चार-साडेचार दशकं बोलते आहे, मोर्चे काढते आहे, कोर्टाच्या पायऱ्या झिजवते आहे. या सगळ्या लढ्यात बाई म्हणजे जिच्यावर अन्याय झाला ती. पण जिच्या हातून काही घडलं, जिच्या नावाने गुन्हा दाखल झाला, अशी तरुण मुलगी आपल्या बैठकीत विषय म्हणून येतच नाही. आलीच तर सगळ्यात शेवटी, "वेळ उरला तर" या सदरात. तेव्हाही कुणीतरी हळूच विचारतं, "पण खरंच केलं होतं का गं तिने?" उत्तर "हो" असेल, तर पुढची चर्चा थंडावते. निरपराध बाईसाठी आपण रस्त्यावर उतरू शकतो. अपराधी बाईचं काय करायचं हे मात्र आपल्याला कळत नाही.

मी एमएसडब्ल्यू केल्यापासून गेली नऊ वर्षं तुरुंगातल्या बायकांबरोबर काम करते आहे. आठवड्यातले दोन दिवस एका जिल्हा कारागृहाच्या महिला बराकीत आणि उरलेले त्यांच्या गावी, वकिलांच्या दारात, पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या व्हरांड्यात जातात. इथे लिहिते आहे ते अठरा ते पंचवीस या वयातल्या मुलींबद्दल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. देशभरच्या कैद्यांत बायका शंभरात चार. 2022 च्या अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे 23,772. एकूण कैद्यांत, पुरुष-बायका सगळे धरून, दर चारांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे. बायका इतक्या थोड्या, म्हणून तुरुंग पुरुषांसाठी बांधलेले, नियम पुरुषांसाठी केलेले आणि पुरुषांच्या आवारातल्या एका कोपऱ्यात भिंत घालून "महिला विभाग". थोड्या असण्याची शिक्षा वेगळीच असते. मोर्चा काढायला संख्या लागते, आणि यांच्याकडे ती नाही.

कॉलेजात आम्हाला गुन्हेगारीची कारणं शिकवताना "विघटित कुटुंब" हा शब्द फार वेळा यायचा. बाप दारुडा, आई-बाप विभक्त, सावत्र आई, मुलीकडे लक्ष द्यायला कुणी नाही, मग मुलगी वाईट संगतीला लागते, असा तो धागा. परीक्षेत मीही तेच लिहिलं, मार्कही मिळाले. पण माझ्याकडच्या केस-फाइली पुन्हा वाचते तेव्हा त्यातली कितीतरी घरं अजिबात विघटित नव्हती. उलट भलतीच घट्ट होती. चार भाऊ, चुलते, मामा, भावकी, सगळे जागच्या जागी. मुलगी किती वाजता घरी आली, कुणाशी बोलली, मोबाईलमध्ये कुणाचा नंबर आहे, यावर दहा डोळे. मुलगी "वाया जाते" ती घर सुटल्यामुळे, असं पुस्तक म्हणतं. मला दिसतं ते असं, की या घरात तिला एक साधी गोष्ट सांगायलाही जागा नसते, आणि न सांगता आलेली गोष्ट कुठे ना कुठे गुन्हा होऊन बाहेर पडते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण या एका प्रकारच्या गुन्ह्यात आपला समाज आरपार दिसतो.

वीस वर्षांची मुलगी, तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन-येऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. नात्यातल्याच एका लग्नात ओळख झालेला मुलगा, तोही नात्यातला. दिवस गेल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा तिसरा महिना होता. ती एकटी, ओढणीने तोंड बांधून, तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "आईला घेऊन ये." गर्भपाताचा कायदा 1971 चा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला स्वतःच्या सहीशिवाय दुसऱ्या कुणाचीही सही लागत नाही, हे त्या कायद्यात स्पष्ट आहे. 2021 साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चोवीस आठवड्यांपर्यंतची वाढीव मुदत अविवाहित बाईलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं. पण दवाखान्यातल्या टेबलाशी हा कायदा पोचलेला नव्हता. आईला सांगण्याची सोय असती तर ती एकटी कशाला गेली असती? ती परत आली आणि गप्प बसली. सहा महिने.

आता प्रश्न असा, की एका दोन खोल्यांच्या घरात हे कुणालाच दिसलं नाही? मी तिच्या आईला विचारलं. बाई बराच वेळ चुलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दिसत होतं की. पण बोललं तर खरं झालं असतं." महिन्याच्या कपड्यांचा हिशोब आईला माहीत असतो. चुलतीला माहीत असतो. शेजारणीलाही संशय होता. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच न बोललेली अशी ती गोष्ट होती. पहाटे न्हाणीघरात ती एकटीच बाळंत झाली, तोंडात पदराचा बोळा धरून. दुपारी उकिरड्याजवळ बाळ सापडलं. मेलेलं. संध्याकाळपर्यंत पोलीस पाटील, ठाणं, पंचनामा, आणि ती अटकेत. बाळंतपणाचा रक्तस्राव चालू असताना.

गुन्हा खुनाचा लागला. तोही लागतो की नाही हे ठरलेलं नसतं, आणि हे आपल्यातल्या अनेकींना माहीत नसेल म्हणून सांगते. भारतीय न्याय संहितेत (1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी हीच लागू आहे) अशा प्रसंगाला तीन वेगवेगळी कलमं लागू शकतात. मूल जिवंत टाकून दिलं तर कलम 93, जुनं 317, सात वर्षांपर्यंत शिक्षा. मूल मेल्यावर जन्म लपवण्यासाठी गुपचूप विल्हेवाट लावली तर कलम 94, जुनं 318, दोन वर्षांपर्यंत. आणि मारलं असं म्हटलं तर कलम 103, जुनं 302, जन्मठेप किंवा फाशी. बाळाने श्वास घेतला होता का, घेतला असला तर तो कशाने थांबला, यावर दोन वर्षं की जन्मठेप हे अवलंबून. निकाल लागेपर्यंत मात्र पहिल्या दिवशी ठाणे अंमलदाराने जे कलम घातलं तेच तिचं नशीब. तिला चौदा महिने जामीन मिळाला नाही.

तो नात्यातला मुलगा? त्याचं नाव तिने सांगितलं होतं. जबाबात आलंही. पण त्याच्यावर कोणतं कलम लावणार? ती सज्ञान, संबंध संमतीने. न्हाणीघरात तो नव्हता. त्या वर्षी त्याचं लग्न झालं. तो सुटला याची मला तक्रार नाही, त्याला आत टाकून काही साधलं नसतं. पण मूल जन्माला घालायला दोघं लागतात आणि त्याच्या मरणाचा जाब एकटीनेच द्यायचा, ही मांडणी कायद्याच्या भाषेत इतकी स्वाभाविक होऊन बसली आहे की कोर्टात कुणाची भुवईसुद्धा उंचावत नाही.

आपल्याकडे हे पहिल्यांदा कुणी बोललं नाही असं नाही. पुण्यात एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या तरुण ब्राह्मण विधवेला शेजारच्या शास्त्रीबुवांपासून दिवस गेले, तिने मूल मारलं आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकीकत जोतीराव फुल्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी जाहीर सूचना लावली. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या चोवीस वर्षांच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. अपिलात ती जन्मठेपेवर आली, पुढे पाच वर्षांवर. त्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतिमत्तेवर जे तोंडसुख घेतलं गेलं, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. म्हणजे मराठीतलं आपल्या विचारांचं हे आद्य पुस्तक एका खुनी ठरवलेल्या मुलीच्या निमित्ताने जन्माला आलं आहे. ताराबाईंनी "पण तिने खरंच केलं होतं का?" असं विचारलं नाही. केलं हे धरूनच त्या बोलल्या. आपण त्यांची जयंती-पुण्यतिथी करतो, पण ही त्यांची वाट आपण सोडून दिली आहे असं मला वाटतं.

जोतीरावांच्या घरातली ती सोय आज कायद्यात आहे. बालन्याय अधिनियम, 2015 प्रमाणे आईला मूल बालकल्याण समितीकडे सुपूर्द करता येतं. फेरविचाराला दोन महिने मिळतात. नाइलाजाने मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून टाकलं असं मानायचं नाही, असंही तो कायदा म्हणतो. पण वीस वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? आणि ती सतरा वर्षांची असेल तर आणखी पेच. पोक्सो कायद्याने 2012 पासून संमतीचं वय अठरा झालं आणि डॉक्टरवर पोलिसांना कळवण्याची सक्ती आली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं, की अशा मुलीच्या गर्भपातासाठी कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. पण दवाखान्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलीला एवढंच माहीत असतं, की आत गेलं की पोलीस येतात. म्हणून ती आत जात नाही. संरक्षणासाठी केलेला कायदा तिला न्हाणीघराकडे ढकलतो, हे पोक्सोच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आपण तरी उघडपणे बोललं पाहिजे.

इंग्लंडमध्ये 1922 पासून, आणि सुधारून 1938 पासून, आईने तान्ह्या बाळाला मारण्याला खुनापेक्षा वेगळा, सौम्य गुन्हा मानणारा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. असावा का? काही वकील मैत्रिणी म्हणतात, असावा. मला तो जसाच्या तसा नको वाटतो, कारण त्याचा पाया बाळंतपणाने मनाचा तोल ढळला हा आहे. म्हणजे तिला सोडायचं तर आधी वेडी ठरवायचं. माझ्या ओळखीतल्या मुली वेड्या नव्हत्या. त्या फार स्पष्टपणे घाबरलेल्या होत्या, आणि ज्याला घाबरल्या होत्या ते खरंच होतं.

चोरीच्या केसेस अधिक येतात, पण त्यांचा साचा ठरलेला असतो. घरकाम करणारी मुलगी, मालकिणीच्या कपाटातल्या बांगड्या किंवा रोकड. यातल्या काही मुलींनी चोरी केलेलीच नसते. घरातल्याच कुणीतरी हात मारलेला असतो आणि संशय पहिल्यांदा कामवालीवर. पण ज्यांनी केलेली असते, त्यांच्याबाबतीत मी एक प्रश्न न चुकता विचारते: पैशाचं काय केलंस? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. भावाची फी. आईचं ऑपरेशन. बापाने घेतलेला हातउसना. एकीने धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात घालायची अंगठी केली होती. स्वतःवर खर्च केल्याचं सांगणाऱ्या मुली फार थोड्या, आणि त्यातल्याही एकीने घेतला होता तो मोबाईल. महिना तीन हजार कमावणारी मुलगी अचानक वीस हजार आणून देते तेव्हा घरात कुणी विचारत नाही, कुठून आणलेस. न विचारण्यातच घराची सोय असते. मग एक दिवस पोलीस येतात आणि तेच घर म्हणतं, "आमच्या घराण्यात असं कुणी केलं नव्हतं."

नव्या जमान्याची भर म्हणजे बँकेचं खातं. मित्र, नवरा किंवा दिराने सांगितलं म्हणून मुलीने खातं उघडून एटीएम कार्ड आणि सिम त्याच्या हातात दिलं, आणि लांबच्या कुठल्या तरी माणसाचे फसवून उकळलेले पैसे त्यातून फिरले. कागदावर गुन्हेगार ती. सही तिची, आधार तिचं. तिला मिळालेली रक्कम दोन हजार, किंवा नुसतंच "आपलं लग्न ठरेल" हे आश्वासन. जमिनीच्या, घराच्या कागदावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण इतकी वर्षं भांडलो. तिथे ते लवकर लागत नाही. जिथे धोका असतो तिथे मात्र तिचं नाव चटकन लागतं.

पारध्यांच्या मुलींबद्दल वेगळा लेख हवा, इथे थोडक्यातच. तिथे कौटुंबिक कारणं, संगत, शिक्षण ही सगळी चर्चा करण्याच्या आधीच गुन्हा ठरलेला असतो. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो 1952 मध्ये रद्द झाला. पण ठाण्यातल्या हवालदाराच्या डोक्यातून रद्द व्हायला सत्तर वर्षंही पुरलेली नाहीत. पालावर धाड पडते, पुरुष पळतात, बायका पोरांना घेऊन मागे राहतात आणि त्यांनाच उचललं जातं. ऑक्टोबर 2024 मध्ये एका मराठी मुलखातल्या पत्रकार बाईच्या, सुकन्या शांता यांच्या, याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलीतल्या जातीवरच्या कामवाटपाला घटनाबाह्य ठरवलं, आणि विमुक्त जमातींना "सराईत" समजणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवलं. निकाल चांगला आहे. आमच्या बराकीत संडास-सफाईला अजून कोण जातं ते मी दर आठवड्याला बघते.

आता एक अवघड गोष्ट. तरुण मुलींच्या अटकेची एक वाट आपणच बांधलेली आहे. 498-अ हे कलम 1983 साली आलं ते आपल्या बायकांच्या आंदोलनामुळे. नव्या संहितेत ते 85 आणि 86 झालं. त्याची गरज मी रोज पाहते, आणि "बायका कायद्याचा गैरवापर करतात" या ओरड्यात माझा सूर मला अजिबात मिसळायचा नाही. तरीही हुंडाबळीच्या केसमध्ये आत आलेली एकोणीस वर्षांची नणंद माझ्यासमोर बसते, तेव्हा तिच्याशी काय बोलायचं? तिने वहिनीला टोमणे मारले होते. जेवण झाकून ठेवलं होतं. आईने सांगितलं म्हणून वहिनीच्या माहेरचे फोन उचलले नव्हते. हे तिने मला स्वतः सांगितलं. दोन वर्षांनी ती स्वतः कुणाची तरी वहिनी होणार होती, आणि आपल्यालाही हे भोगायचं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरातल्या सत्तेचा सगळ्यात खालचा तुकडा सुनेवर चालवायला मुलीच्या हाती दिलेला असतो, आणि तो तिला मिळणारा एकमेव तुकडा असतो. तिने केलं ते क्रूर होतं, आणि ती ते घरातच शिकली. 2014 च्या अर्णेशकुमार निकालाने अशा तक्रारींत सरसकट अटक करू नका असं पोलिसांना बजावलं. त्याला आपल्यातल्या अनेकींनी विरोध केला. मी त्या निकालाच्या बाजूने आहे, नवऱ्यासाठी नाही, या नणंदेसाठी.

इथे एक हरकत येणार, आणि ती बरोबरच आहे. सगळं परिस्थितीवर ढकललं तर मुलगी म्हणजे नुसती बाहुली उरते. कुणीतरी दोरी ओढली आणि हात हलला. हे मला एका मुलीनेच सुनावलं. प्रियकराच्या मदतीने नवऱ्यावर हल्ला केल्याचा आरोप तिच्यावर होता. तिच्या बालविवाहाबद्दल, मारहाणीबद्दल मी खोदून खोदून विचारत होते, वकिलाला मुद्दा हवा होता म्हणून. ती शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, मारायचा तो. पण हे मी ठरवून केलं. ते तेवढं माझं आहे." मला काय बोलावं सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः घेतलेला निर्णय हा गुन्हा असावा, यात तिचा दोष किती आणि तोवर तिला दुसरा कुठलाही निर्णय घेऊ न देणाऱ्यांचा किती, याची वाटणी करायला मी असमर्थ आहे. शिक्षा होऊ नये असं माझं म्हणणं नाही. तिचंही नव्हतं. पण वकील, पोलीस, समाजसेविका आणि घरचे यांच्यापैकी कुणीतरी तिला एकदा पूर्ण ऐकून घ्यावं, एवढी तिची मागणी होती, आणि कोर्टाच्या कामकाजात तिला जागा नाही.

बराकीतल्या मुलींचा रोजचा प्रश्न मात्र याहून फार साधा असतो. माझ्या जामिनाला कोण उभं राहणार?

मुलगा आत गेला की आई मुलाखतीच्या रांगेत डबा घेऊन उभी दिसते. बाप शेताचा तुकडा गहाण टाकतो, मामा ओळखीचा वकील गाठतो. मुलगी आत गेली की पहिल्या महिन्यात एखादी भेट, मग नाही. "आमच्यासाठी ती मेली" हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकलं आहे, की आता दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ते कळतं. जामीन मंजूर होतो. स्त्री असल्याच्या कारणावरून जामिनाचा विचार करता येतो असं कायदाच म्हणतो (पूर्वीचं कलम 437, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 480). पण हुकूम होतो, "पंधरा हजारांचा एक सक्षम जामीनदार". सक्षम म्हणजे सात-बारा, घरपट्टी, रेशनकार्ड, शक्यतो त्याच जिल्ह्यातला, आणि न विचारता गृहीत धरलेलं, नात्यातला पुरुष. ज्या घराला घाबरून तिने ते केलं त्याच घराची सही आणल्याशिवाय ती बाहेर येऊ शकत नाही.

1978 साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात, दहा हजारांचा जामीनदार मागणाऱ्या आणि त्याचा भाऊ परजिल्ह्यातला म्हणून नाकारणाऱ्या मॅजिस्ट्रेटला न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी चांगलंच झापलं होतं. त्याच अय्यरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1987 मध्ये स्त्री कैद्यांवर अहवाल दिला. जामीन मंजूर होऊन आठवड्याभरात सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिना झाला तर कोर्टाने आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिले. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली, कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत. पैशाने रोख जामीन भरता येतो. सही करणारं माणूस विकत मिळत नाही. म्हणजे मिळतं, कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार फिरत असतात, पण त्यांच्या उपकाराखाली तरुण मुलीला सोडणं म्हणजे काय हे सांगायला नको.

आणखी एक विसरलेला कायदा आहे, 1958 चा, परिवीक्षा अधिनियम. एकवीस वर्षांखालच्या गुन्हेगाराला, गुन्हा जन्मठेपेइतका गंभीर नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवायचं नाही, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि तरीही पाठवायचं तर कारणं लिहायची, असं त्यात आहे. माझ्याकडच्या एकाही मुलीच्या वकिलाने आपणहून त्याचं नाव काढलं नाही. मी काढलं तेव्हा दोघांनी पुस्तक उघडून खात्री केली. पण अहवाल मागवला की त्यात पुन्हा रकाना येतो: "घरची मंडळी स्वीकारण्यास तयार आहेत काय?" तयार नसली की शेरा प्रतिकूल. आधारगृहांत (आता त्यांना शक्ती सदन म्हणतात) विचारावं तर तिथल्या बाई म्हणतात, "केस चालू असलेली मुलगी नको, बाकीच्यांवर परिणाम होतो."

म्हणून माझं म्हणणं चळवळीतल्या मैत्रिणींना आहे, सरकारला नंतर. आपल्याकडे बचत गट आहेत, सात-बारावर नाव लागलेल्या बायका आहेत, पेन्शनीत निघालेल्या शिक्षिका आहेत. आपण मारहाणीच्या केसमध्ये रात्री बारालाही ठाण्यात जातो. तशा आपण जामिनाला का उभ्या राहू नये? धोका आहे, मुलगी तारखेला आली नाही तर रक्कम भरावी लागते. आमच्या जिल्ह्यात आजवर सहा मुलींना अशा बायका जामीन राहिल्या, एक तारखेला चुकली, तीही तापाने फणफणली होती म्हणून. त्या न्हाणीघरातल्या मुलीच्या जामिनाला अखेर गावातलीच एक अंगणवाडी सेविका उभी राहिली. कोर्टाच्या बाबूने फॉर्म भरताना विचारलं, "आरोपीशी नातं?" बाई म्हणाल्या, "काही नाही. लहानपणी माझ्या अंगणवाडीत होती." बाबूने बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं आणि मग त्या रकान्यात "परिचित" लिहिलं.

वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटका व्हावी, निदान जामीनदार नात्यातलाच हवा हा अलिखित आग्रह बंद व्हावा, परिवीक्षा अहवालातला "घरची मंडळी" हा रकाना बदलावा आणि आधारगृहांनी केस चालू आहे म्हणून कुणाला नाकारू नये, अशा चार मागण्यांचं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि महिला व बालविकास विभागाला द्यायचं आहे. ज्या गटांना सह्या करायच्या आहेत त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकावं. आणि ज्यांची जामीन राहण्याची तयारी आहे त्यांनी पत्रात तालुक्याचं नाव, आणि सात-बारा किंवा घर स्वतःच्या नावावर आहे की नाही, एवढं जरूर लिहावं. नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याची संमती लागते, आणि तिथे आमच्या दोन जणी अडल्या आहेत.